पोत दातात धर, माय

नीटचे मार्क सांगण्यासारखे नव्हते, म्हणून मी बीपीएमटीला आले. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा हा पॅरामेडिकल कोर्स. तीन वर्षं शिकायचं, वर इंटर्नशिप. मी घेतली रेडिओग्राफी. आमचं गाव अमळनेरच्या अलीकडे. घरी सगळ्यांना वाटलं, पोरगी 'फोटो काढायचं' शिकते. आजी तर अजून तेच सांगते, आणि ते अगदीच खोटं नाही.

पहिलं वर्ष ॲनाटॉमी आणि फिजिक्समध्ये गेलं. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अंतर दुप्पट केलं की किरणांची तीव्रता चौथाई होते, एवढं मात्र डोक्यात पक्कं बसलं.

खरं शिक्षण ओपीडीच्या एक्स-रे खोलीत झालं. मे महिन्यात तिथे एक पंखा, तोही गरम हवा फेकणारा. एसी सीटीच्या खोलीत, आणि तो मशीनसाठी. त्यामुळे सीटीची ड्युटी मिळावी म्हणून आमच्यात भांडणं व्हायची. पहिले काही महिने आम्हा विद्यार्थ्यांना टीएलडी बॅजच मिळाले नव्हते. किरणं किती लागली हे तोच मोजतो, आणि तीन-तीन महिन्यांनी तपासायला पाठवतात. मग वर्गातल्या सगळ्यांनी मिळून अर्ज दिला, तेव्हा बॅज आले. शिकवताना मात्र 'रेडिएशन सेफ्टी' रोज पहिल्या तासाला!

छातीचा एक्स-रे सगळ्यांत सोपा असं पुस्तक वाचून वाटतं. पेशंट कॅसेटकडे, म्हणजे फिल्मच्या चपट्या पेटीकडे, तोंड करून उभा, हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे, म्हणजे पाठीची फरी फुफ्फुसावरून बाजूला सरकते. किरणं सोडणारी ट्यूब 180 सेंटिमीटरवर. किरणं पाठीतून शिरतात, हृदय कॅसेटजवळ राहतं, म्हणून ते उगाच मोठं दिसत नाही. हे सगळं मला पाठ. पण समोर पेशंट कोण? साक्रीकडची म्हातारी, शिरपूरच्या डोंगराकडून आलेला पावरा आदिवासी बाबा, कापूस वेचून थेट आलेली बाई. 'डीप इन्स्पिरेशन' त्यांना काय कळणार? 'श्वास घ्या' म्हटलं की नुसते खांदे वर होतात. 'मोठा दम ले, धरी ठेव, हालू नको' म्हटलं की छाती फुगते. पावरा बोली मला येत नाही. तिथे मी स्वतः श्वास घेऊन दाखवायचे, बेडकासारखी.

आणि पोत, म्हणजे गळ्यातलं मंगळसूत्र. तिच्यातलं सोनं फिल्मवर पांढरं उमटतं. पण पोत काढ म्हटलं की बाई मागे सरते. नवरा बाहेर बाकावर बसलेला असतो, ती अंगावरून उतरवणार कशी? आमच्या मावशी, म्हणजे तिथल्या जुन्या आया, यांनी तोड शिकवली: पोत वर ओढून दातात धरायची, तोंड मिटायचं, दम नाकाने घ्यायचा. कुठल्याच नोट्समध्ये हे नाही.

दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मी मार खाल्ला. मैत्रिणीला पेशंट म्हणून उभं केलं होतं, एक्स्पोजर द्यायचं नव्हतं, फक्त पोझिशन दाखवायची. सगळं नीट केलं, 'दम धर' म्हटलं आणि मी व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, उत्तरं द्यायला वळले. मैत्रीण बिचारी लाल झाली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "हिला श्वास कधी सोडायला सांगणार?" वर टीएलडी कुठे लावायचा, याला मी 'एप्रनच्या वर' म्हणाले. तो छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावतात. थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगवेगळं काढावं लागतं. त्यात प्रॅक्टिकल राहिलं, पुन्हा दिलं.

शेवटच्या वर्षी मात्र खरा पेशंट. परीक्षेसाठी म्हणून कुणाला उगाच किरणं देत नाहीत. ज्याच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलंय, तोच घेतात. माझ्या वाट्याला साठीची एक माय आली, खोकल्याची. नाव विचारलं, कागदाशी जुळवलं, डावी-उजवी बाजू दाखवणारा मार्कर लावला. पोत दातात. परीक्षक बाई चमकल्या, "हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हटलं, "मॅडम, ती काढणार नाही." "पोतीचा मानेमागचा भाग येईल ना पण?" "येईल, पण फुफ्फुसाच्या वर राहील."

त्या काही बोलल्या नाहीत. मी दम धरायला सांगितलं, बटण दाबलं, आणि या वेळी आठवणीने ओरडले, "सोड दम, माय!"

चित्र आलं. कॉलर बोनची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर, मागच्या दहा फासळ्या मोजता येत होत्या. मग व्हायवा सुरू झाला. इथे काम करणाऱ्याला लागणाऱ्या किरणांच्या डोसची मर्यादा विचारली. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, एका वर्षात 30 च्या वर नाही, असं मी सांगितलं. मग ग्रिड, म्हणजे विखुरलेली किरणं अडवणारी जाळी, मग गरोदर बाई आली तर आधी काय विचारशील... पाच-सात मिनिटं तरी गेली असतील.

तेवढ्यात स्टँडकडून दाबलेला आवाज आला. माय तशीच उभी, हनुवटी वर, ओठ घट्ट मिटलेले.

"आते सोडू का वं, पोरी?"