शून्य सापडेपर्यंत

व्हॅनेडियम डायऑक्साइडची फिल्म, म्हणजे पातळ थर, साधारण ६८ अंश सेल्सिअसच्या वर तापवली की ती धातूसारखी वीज वाहू लागते. मल्टिमीटर लावून ठेवला तर रोधाचा आकडा धाडकन खाली येताना दिसतो. थंड करताना मात्र ६८च्याही काही अंश खाली गेल्यावरच तो परत चढतो. १९५९ साली मॉरिन यांनी हे अवस्थांतर नोंदवलं. ते घडताना इलेक्ट्रॉन आधी बदलतात की अणू आधी सरकतात, हा वाद तेव्हापासूनचा. पीएचडीला मी हाच विषय घेतला.

पद्धत सांगायला सोपी आहे. पंप म्हणजे पहिली लेझर पल्स (प्रकाशाचा अतिशय छोटा झोत) फिल्मला उत्तेजित करते, प्रोब म्हणजे दुसरी पल्स मागून येऊन किती प्रकाश परत फिरतो ते बघते. प्रोबला उशीर करायचा तर तिच्या वाटेतला आरसा मागे न्यायचा. एक मायक्रॉन सरकवला की जाऊन-येऊन ६.७ फेम्टोसेकंद वाढतात (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश). पण दोन्ही पल्स एकाच क्षणी पोचतात ती जागा, म्हणजे शून्य, आधी सापडायला हवी. माझा बहुतेक काळ त्यातच गेला.

फोटोडायोड (प्रकाश टिपणारा सेन्सर) आणि ऑसिलोस्कोपने दोन वाटांमधलं अंतर काही सेंटिमीटरपर्यंत जुळतं, त्यापुढे त्यांची नजर पोचत नाही. मग फिल्मच्या जागी बीबीओचा स्फटिक लावायचा, जो दोन्ही पल्स एकाच वेळी आल्या तरच त्या मिसळून नव्या रंगाचा प्रकाश देतो, दोन्ही किरण त्यात एकमेकांवर पाडायचे, मागे पांढरा कागद धरायचा आणि स्टेज, म्हणजे आरसा बसवलेली सरकपट्टी, हळूहळू सरकवायची. सीनियर ताई म्हणायची, "घाई करू नकोस, एका पावलात निसटून जाईल." आणि एका संध्याकाळी दोन ठिपक्यांच्या बरोबर मधोमध तिसरा, निळा-जांभळा ठिपका उमटला. स्टेज जराशी पुढे नेली की नाहीसा, मागे आणली की पुन्हा हजर!

त्यानंतर फिल्म लावली. शून्याच्या आधीच परावर्तनाचा आलेख उचललेला दिसला, तर दोन पंप पल्सच्या मधल्या वेळात फिल्म पूर्ववत होत नाहीये असं समजायचं. ही तपासणी मी प्रत्येक मोजणीआधी करते, आणि इतरांनीही करावी असं मला ठामपणे वाटतं.

पंप कमी ठेवला तर आलेखावर साधारण सहा टेराहर्ट्झच्या लाटा दिसतात. तो अवस्थांतराआधीच्या अणूंच्या जाळीचा कंप. अवस्थांतर घडवायला लागणाऱ्या उंबरठ्यापलीकडे पंपची ताकद वाढवली की त्या लाटाच गायब होतात, कारण त्या कंपाला आधार देणारी रचनाच उरत नाही. मात्र परावर्तनातून अणू थेट दिसत नाहीत. २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस या एक्स-रे लेझरवर झालेल्या कामात दिसलं, की थंड अवस्थेतल्या व्हॅनेडियम अणूंच्या जोड्या कवायतीसारख्या एकत्र सरकत नाहीत, विस्कळीतपणे सुटतात. ते आमच्या टेबलावर दिसणार नाही. सध्या मी फिल्म थोडी थोडी तापवत ६८ अंशांजवळ नेतेय आणि तो उंबरठा किती खाली येतो ते मोजतेय.