घंटी वाजवणारे आणि दार उघडणारे

हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलांनी सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागायचा अमेरिकेतला सण. त्याची पहिली दोन वर्षं मुलाची नसतात, आईबापांची असतात. बाळाला फुगीर नारिंगी भोपळ्यात कोंबायचं, फोटो काढायचा आणि भोकाड पसरलं की सगळं उतरवायचं, एवढाच कार्यक्रम. तीन-चार वर्षांचं मूल वाघ होऊन निघतं खरं, पण शेजारच्या अंगणातला प्लॅस्टिकचा सांगाडा दिसला की वाघ बापाच्या पायांना बिलगतो. या वयात मुखवटा बांधूच नये. डोळ्यांची भोकं सरकतात आणि पायरी चुकते. त्यापेक्षा चेहरा रंगवावा. तो रंग मात्र आदल्या दिवशी हातावर थोडा लावून पाहावा. पोशाख एक माप मोठा घ्यावा. शिकागो किंवा न्यू जर्सीत तोवर चांगलाच गारठा पडलेला असतो. आत जाकीट मावलं नाही तर ते वरून चढवावं लागतं, आणि महिनाभर हट्ट करून मिळवलेला स्पायडरमॅन जाकिटाखाली गडप होतो. हा अन्याय मुलं सहजी विसरत नाहीत.

सहा ते दहा वर्षं हे खरं राज्य. भुताखेतांशी आता फारसं देणंघेणं नसतं, सगळा मामला व्यापाराचा. पोर्चचा दिवा चालू असेल त्याच घराची घंटी वाजवायची, हा अलिखित नियम यांना पाढ्यांसारखा पाठ. घरं खेटून असलेली गल्ली धरायची, लांब ड्राइव्ह-वेची घरं सोडायची, आणि बादलीऐवजी उशीचा अभ्रा न्यायचा, कारण प्लॅस्टिकच्या भोपळ्याची कडी वजनाने निसटते. घरी आल्यावर गालिच्यावर ढीग ओतून बाजार भरतो. शेंगदाण्याच्या लोण्याचे चॉकलेट-कप सर्वांत महाग. कँडी कॉर्नला, म्हणजे मक्याच्या दाण्यासारख्या दिसणाऱ्या साखरेच्या गोळ्यांना, आणि मनुकांच्या पुड्यांना गिऱ्हाईक नाही.

या सणाला भोपळ्यावर चेहरा कोरून आत दिवा ठेवतात, आणि मुलाचं वय हातातल्या सुरीवरूनही ओळखता येतं. लहान मूल भोपळ्यावर मार्करने तोंड काढतं आणि गर उपसतं. दहा-अकराव्या वर्षी छोटी दातेरी करवत हाती येते, आणि आईबाप फक्त बघत उभे राहतात. झाकण सरळ खाली कापलं तर ते आत पडतं. सुरी देठाकडे तिरकी धरावी. ज्या बाजूला तोंड कोरायचं ती भिंत आतून खरवडून साधारण इंचभर ठेवावी. जाड राहिली तर करवत अडकते, फार पातळ केली तर दात वाकतात. उत्साहाच्या भरात आठवडाभर आधी कोरलेला भोपळा ३१ तारखेला बुरशी येऊन तोंडात मुडपलेला असतो. दोन दिवस आधी कोरावा, आणि आत मेणबत्तीऐवजी एलईडी ठेवावा.

मग येतं अडचणीचं वय. तेराव्या वर्षी आवाज फुटलेला, उंची दार उघडणाऱ्या बाईंपेक्षा जास्त, पण चॉकलेट तर हवंच. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात १९७० च्या नियमानुसार बारा वर्षांवरच्या मुलाने असं दारोदार फिरणं हा गुन्हा होता, आणि कागदोपत्री त्याला तुरुंगवासही होता. २०१९ मध्ये शहराने वय चौदापर्यंत वाढवलं आणि तुरुंग काढून टाकला. नियम राहिलाच, हे मात्र हास्यास्पद आहे. त्या रात्री चॉकलेट मागत फिरणारा पंधरा वर्षांचा पोरगा दुसरं काही उपद्व्यापी करत नसतो, एवढं तरी कळायला हवं. त्याला निमूट द्यावं. पोशाखाच्या नावाखाली नुसती टोपी उलटी घातली असली तरी.

कॉलेजात मुखवटे परत येतात, पण पार्टीसाठी. आणि एके वर्षी स्वतःच्या घराची घंटी वाजते. आता प्रश्न पुरवठ्याचा. खरी गर्दी साधारण सहा ते आठ. उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली अमेरिकेतली घड्याळं २००७ पासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे हॅलोविन उलटल्यावर, मागे जातात, त्यामुळे अंधार पूर्वीपेक्षा तासभर उशिरा पडतो आणि चिमुकली मंडळी उजेडातच येऊन जातात. सुरुवातीला मूठ-मूठ वाटणाऱ्याचा वाडगा सातलाच रिकामा होतो; एकेकाला दोन, आणि आठनंतर उरलं तर हात सैल. ‘एकच घ्या’ अशी चिठ्ठी लावून वाडगा बाहेर ठेवणं म्हणजे पहिल्याच टोळीला तो दान करणं. दाण्याची ॲलर्जी असलेल्यांसाठी पेन्सिली, स्टिकर वेगळे ठेवावेत; दारात हिरवट-निळा भोपळा दिसला की त्या मुलांच्या आयांना खूण पटते. अमेरिकेतल्या मराठी घरांत कधी कधी याच वाडग्याशेजारी चकल्यांचा डबाही असतो. २०२४ साली तर ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. पण चकली पिशवीत टाकू नये: घरची, सुटी खाऊची वस्तू तिथले आईबाप फेकूनच देतात.

आणि वाटायची चॉकलेटं आपल्याला न आवडणारी घ्यावीत. आवडती घेतली तर २५ तारखेपर्यंत पिशवी निम्मी होते, आणि दुकानात तोवर मनुकांच्या पुड्याच उरलेल्या असतात.