बटणाआधी वायर

इमारतीच्या दिव्यांसाठी बटणे निवडायची वेळ आली, की चर्चा हमखास बटणांच्या रंगापासून आणि प्लेटच्या चकाकीपासून सुरू होते. कोणत्या जागी कोणत्या प्रकारचे बटण लागेल, हा खरा प्रश्न मात्र वायरिंग करणाऱ्याच्या सोयीवर सोडला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा, कारण प्लेट केव्हाही बदलता येते. भिंतीत गेलेली वायर बदलायची तर भिंतच फोडावी लागते.

जिन्यावरून हे लगेच लक्षात येते. खाली लावलेला दिवा वर गेल्यावर मालवता यावा, यासाठी दोन्ही टोकांना टू-वे बटणे लागतात. त्यांना साध्या बटणासारखे दोन नव्हे, तर तीन टर्मिनल (वायर जोडायच्या जागा) असतात आणि त्या दोन बटणांच्या दरम्यान जादा वायर ओढून ठेवाव्या लागतात. तोच दिवा मधल्या मजल्यांवरूनही चालवायचा असेल, तर तिथे प्रत्येक ठिकाणी चार टर्मिनलांचे इंटरमीडिएट बटण येते. मजले वाढले की जोडण्या वाढतात आणि बिघाड शोधणे जिकिरीचे होऊन बसते. म्हणून उंच इमारतीत बेल-पुशसारखी, दाबून सोडली की परत वर येणारी बटणे आणि त्या सगळ्यांसाठी एकच टायमर, ही रचना मला अधिक पटते. कोणत्याही मजल्यावरून दाबले की दिवे लागतात आणि ठरावीक वेळाने आपोआप मालवतात. सर्व बटणे समांतर जोडलेली असल्यामुळे पुढे एखादे वाढवणेही सोपे जाते. ती वेळ ठरवताना मात्र कठड्याला धरून एकेक पायरी चढणाऱ्या माणसाची चाल लक्षात घ्यावी.

सामायिक जागांसाठी सेन्सर सुचवले जातात आणि कॉरिडॉरमध्ये ते उत्तम काम करतात. पण नेहमीचा पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सर माणसाचे असणे ओळखत नाही. शरीरातून निघणाऱ्या अवरक्त किरणांत हालचालीमुळे पडणारा फरक तेवढा तो टिपतो. स्वच्छतागृहात आडोशामागे बसलेला माणूस त्याच्या लेखी तिथे नसतोच, आणि मग अंधारात हात हलवत बसण्याची वेळ येते. मायक्रोवेव्ह सेन्सर पातळ आडोशापलीकडचेही टिपतो खरा, पण त्याच कारणाने बाहेरून जाणाऱ्यासाठीही दिवा लावतो. भरपूर उजेड येणाऱ्या खोल्यांत दिवा हाताने लावावा आणि सेन्सरने मालवावा, ही पद्धत मला सर्वांत शहाणपणाची वाटते. दुपारी उगाच दिवे लागत नाहीत.

आता बटणाच्या पोटात पाहू. १८८४ मध्ये इंग्लंडमधील जॉन हेन्री होम्स यांनी संपर्क झटक्यात तोडणारे बटण तयार केले, आणि ती कल्पना आजही टिकून आहे. संपर्क सावकाश तुटला तर मधल्या फटीत ठिणगी रेंगाळते आणि चांदीच्या मिश्रधातूचे टोक जळत जाते. म्हणून नमुन्याचे बटण घेऊन ते मुद्दाम अगदी हळू दाबून पाहावे. चांगले बटण एका बिंदूपर्यंत विरोध करते आणि मग स्वतःहूनच पलीकडे उलटते. जे अधांतरी अडकून राहते, ते कितीही देखणे असले तरी घेऊ नये.

एलईडीमुळे भाराचा हिशेबही फसवा झाला आहे. १० वॉटचे २० दिवे म्हणजे २०० वॉट. २३० व्होल्टला हा प्रवाह कागदावर एक अँपिअरच्या आसपास दिसतो. परंतु दिवे लावताच त्यांच्या ड्रायव्हरमधील (दिव्याला योग्य वीज पुरवणाऱ्या भागातील) कपॅसिटर क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढतात आणि हलक्या बटणाचे संपर्क चिकटू शकतात. मोठ्या हॉलमधील दिवे गटांत विभागावेत किंवा कॉन्टॅक्टरवर (मोठा प्रवाह पेलणाऱ्या, विजेने चालणाऱ्या स्विचवर) घ्यावेत. डिमर (उजेड कमी-जास्त करणारे साधन) बसवायचा असेल, तर दिवे डिमिंगला चालणारे आहेत का आणि डिमरला किमान किती भार लागतो, हे दोन्ही तपासावे. निऑन इंडिकेटरचे (बंद असताना अंधारात दिसावे म्हणून छोटा दिवा असलेले) बटणही एलईडीसाठी जपून निवडावे, कारण इंडिकेटरमधून झिरपणाऱ्या प्रवाहाने बंद केलेला दिवा मंद तेवत राहू शकतो.

स्मार्ट बटणे आज नको असली, तरी प्रत्येक स्विचबोर्डापर्यंत न्यूट्रल (प्रवाहाच्या परतीची) वायर आणून ठेवावी, असा माझा आग्रह असतो. साध्या बटणाला फेजच (वीज आणणारी वायर) तोडायचा असल्याने तिथे न्यूट्रल नेलीच जात नाही, आणि पुढे बहुतेक स्मार्ट बटणांना नेमकी तीच हवी असते. सुटकेच्या मार्गावरचे आपत्कालीन दिवे मात्र कोणालाही मालवता येतील अशा बटणावर ठेवूच नयेत.

राहता राहिली जागा. दोन्ही हातांत सामान असलेल्यालाही कोपराने दाबता येईल असे रुंद रॉकर बटण मला सर्वत्र योग्य वाटते. जमिनीपासून ९०० ते १,२०० मिलिमीटर उंचीवर ते चाकाच्या खुर्चीत बसलेल्यांच्याही हाताला येते. बटण दाराच्या बिजागरीच्या नव्हे, तर कडीच्या बाजूला हवे. दार कोणत्या बाजूला उघडणार हे ऐनवेळी बदलण्याची सवय सर्रास आढळते, तेव्हा भिंतीत खाचा मारण्याआधी सुताराकडून त्याची खात्री करून घ्यावी.