नरनाळ्यापर्यंतची धार

चिखलदऱ्याहून गाविलगडच्या डोंगरधारेनं चालत नरनाळा किल्ल्याला जायचं, हे आम्ही तिघांनी परतवाड्यात चहा पिता पिता ठरवलं. नकाशावर सरळ रेघ ओढली तर साधारण 35 किलोमीटर. तीन दिवस, रोज बारा, पाठीवर माणशी दोन लिटर पाणी. अनुभव म्हणाल तर दोन किल्ले, तेही सकाळी चढून संध्याकाळी घरी.

जानेवारीतला शनिवार. चिखलदऱ्यात पॉइंटवर गाड्या अन् स्पीकर. मला ती गर्दी सोसत नाही, म्हणून मोथ्याला आलो.

मोथा गवळ्यांचं गाव. एका ओसरीत काकाजी खवा आटवत होते. बाजेवर नकाशा पसरला. त्यांनी उलथणं न थांबवता एवढंच विचारलं, "पानी कोठी भेटन?"

मी निळ्या रेघा दाखवल्या.

"हे नाले आता कोरडे. झिरा कोठी हाय, मालूम हाय का?"

मालूम नव्हतं. मग खव्याचं बोट त्यांनी आमच्या रेघेवर टेकवलं, उंचीच्या रेषा दाटून काळ्या झाल्या होत्या नेमकं तिथं. "हे खोरं. उतराले अर्धा दिवस, चढाले अर्धा. इथं धार तुटते, बापू."

बेसाल्टचं हे पठार वरून सपाट दिसतं, पण नाल्यांनी खोल चिरलेलं आहे. डिसेंबर 1803 मध्ये मराठ्यांशी लढणाऱ्या इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनं याच डोंगरांतून तोफा हातांनी ओढत गाविलगडाच्या उत्तर अंगाला आणल्या. आधी रस्ता करायचा, मग तोफ ओढायची. 15 तारखेला गड पडला. हे मी वाचलेलं होतं, तरी आपल्या पायांचा हिशोब करताना खोऱ्यांची आठवण झाली नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे, पुढचा बराच पट्टा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा. 1974 पासूनचा. तिथं मनाला येईल तसं पायी फिरता येत नाही. ही चौकशी पहिल्या दिवशी करायची असते. सोबतच्या दोघांना मी विचार न करता ओढून नेत होतो, याचं अजून वाईट वाटतं.

नरनाळा सोडला. आता मोथ्याच्या आसपासची, प्रकल्पाबाहेरची एक दिवसाची वाट, तीही दिवाळीनंतर, नाल्यांना पाणी असताना. त्याआधी एक मुक्काम फक्त झिरे बघायला. काकाजी दाखवायला तयार आहेत. म्हशी सातला सुटतात, त्याआधी ओसरीत हजर राहा म्हणाले.