मुंबई ते नागपूर: विमानाने पाच तास, गाडीने साडेनऊ

दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे 685 किलोमीटर. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरच्या शिवमडक्यापर्यंत 701 किलोमीटर. म्हणजे रस्ता बराचसा सरळ आहे, आणि खरी कटकटही त्यातूनच होते.

विमान हवेत सव्वा तासच असतं. पण घरातून विमानतळ एक तास, तिथे दोन तास आधी पोहोचणं, नागपुरात बॅगेची वाट पाहणं आणि पुढची रिक्षा धरली की पाच तास जातात. तिकिटावर टी1, टी2 की नवी मुंबई हे नीट वाचा. चुकीच्या दारात उतरलात तर तेही गणित कोलमडतं.

गाडीने जाताना वेळ समृद्धीवर नाही, ठाण्यातच जातो. माजिवडा, खारेगाव, माणकोली, राजनोली हा टप्पा पहाटे अर्ध्या तासात सुटतो, सकाळी आठनंतर त्यालाच दीड-दोन तास लागतात. म्हणून साडेचारला निघावं. पूर्वेकडे तोंड असल्यामुळे उजाडल्यावर ऊन थेट डोळ्यांवर येतं, काच आदल्या रात्रीच आतूनही पुसून ठेवा. इगतपुरीचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा ओलांडला की पुढे शिर्डीपर्यंत फारसं काही घडत नाही. आमण्यापासून शिर्डी साधारण 180 किलोमीटर, पहिला थांबा तिथे.

कारला 120 ची मर्यादा आहे. कागदावर आमण्यापासून सहा तासांत नागपूर येतं, थांबे धरून आठ लागतात. दुचाकी आणि रिक्षाला मुळात प्रवेशच नाही.

आता टायर. ‘उन्हात हवा फुगते, म्हणून दोन पॉइंट कमीच भरा’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तोच घातक आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, आतून तापते आणि तासन्‌तास वेगात चालल्यावर फाटते. दाराच्या चौकटीवर पूर्ण भारासाठी जो आकडा दिलाय तोच, टायर थंड असताना, भरा. टायरवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी शाबूत दिसली तरी आधी तपासून घ्या.

शंभरच्या वर गाडी पेट्रोल जास्त खाते. 35 लिटरच्या टाकीत लहान गाडी नागपूर गाठत नाही. निम्मी टाकी झाली की पुढचा पंप दिसेल तिथे भरा, काटा खाली यायची वाट पाहू नका. टोल बाहेर पडताना अंतरानुसार कापला जातो. एप्रिल 2025 च्या दराने, म्हणजे किलोमीटरला 2 रुपये 6 पैशांनी, पूर्ण प्रवासाचे कारला सुमारे 1445 रुपये होतात, तेव्हा फास्टॅगमध्ये त्याहून जास्त शिल्लक हवी.

जालन्यानंतर मेहकर, कारंजा करत जाताना वळण नाही, सिग्नल नाही, डोळे उघडे ठेवूनही माणूस पेंगतो. दर दीडशे किलोमीटरला उतरून चाला, पण कडेच्या पट्टीवर नाही, पंप-खाण्याची सोय असलेल्या थांब्यावरच. एकटे असाल तर विमान घ्या. चौघं असून दोघं चालवणारे असतील, तरच गाडी काढा.