कात्री का देत नाही?

पालकसभेत हा प्रश्न हटकून येतो: "बाई, चिकटकामाला मुलांना कात्री का देत नाही? लागेल म्हणून?" पाचवीची मुलं कात्री नीट चालवतात, ती भीती मला नाही. तुम्ही विचारलंत म्हणून कारण सांगते.

कात्री हाती आली की मूल आधी पेन्सिल मागतं. मग दोन डोंगर, मधून सूर्य, झोपडी, नदी असं पाठ झालेलं चित्र काढतं आणि त्यात रंगाऐवजी कागद भरतं. कागद फाडायला लावला की हे पाठांतर सुटतं. तुकडा आधी हातात येतो, तो कशाचा ते मागाहून ठरतं.

शिवाय फाडण्यातही कसब आहे. वर्तमानपत्र उभं फाडलं तर बरंचसं सरळ फाटतं, आडवं फाडलं की भलतीकडेच जातं. कागदातल्या तंतूंचा कलच तसा असतो. मासिकाचं गुळगुळीत पान कसं ओढून फाडता, त्यावर कुठल्या तुकड्याला पांढरी किनार येणार ते ठरतं. एका मुलीने दिवाळी अंकातल्या जाहिरातीतली निळी साडी फाडली. प्रत्येक पट्टीला पांढरी कड राखली, पट्ट्या एकीवर एक सरकवून लावल्या आणि लाटांना फेस आला! तो कागद मी वर्गभर फिरवला.

चिकटवायची घाई मी करू देत नाही. तुकडे कार्डशीटवर नुसते मांडायचे, उठून लांबून बघायचं, पुन्हा हलवायचे. ब्रशचा फटकारा मागे घेता येत नाही, तुकडा सरकवता येतो. "मला चित्रकला येत नाही" म्हणणारी मुलं इथे मोकळी होतात. माझ्या लेखी हे सगळ्यात मोलाचं. मग खळ, तीही पातळ. डिंक थापला की कागदाला सुरकुत्या पडतात.

कात्रीशी माझं वैर नाही. १९४१ सालच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आंरी मातीस या फ्रेंच चित्रकाराची तब्येत खालावली. पुढच्या वर्षांत त्याने गुवाश या अपारदर्शक जलरंगाने रंगवलेल्या कागदांत थेट कात्री चालवून अप्रतिम चित्रं केली. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या वर्गातही कात्री येते, पण पेन्सिल दप्तरातच राहते. तोवर जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरं, साड्यांचे खोके रद्दीत घालू नका. मुलांबरोबर शाळेत पाठवा.