आंजर्ल्याच्या खाडीत तिवरावरचा पतंग

आम्ही भाद्रपदात आंजर्ल्याला पोचलो तेव्हा खाडीकाठच्या तिवरांचा, म्हणजे खारफुटीच्या झाडांचा, एक पट्टा भर पावसाळ्यात करपल्यासारखा दिसत होता. झाडं मेली असंच कुणालाही वाटेल. पण जवळ जाऊन पाहिलं तर फांद्यांच्या टोकांना कोवळी पालवी फुटत होती.

हे काम हिब्लिया पुएरा या पतंगाच्या अळ्यांचं. सागाचा पाला फस्त करणारी म्हणून ही अळी जंगलखात्यात बदनाम आहे, पण तिवरही तिला तितकाच आवडतो. अळी काळपट, अंगावर फिकट पट्टे. पानाची कड दुमडून रेशमाने चिकटवते आणि आत बसून खाते. सागाखाली ती धाग्यावरून जमिनीवर उतरून पाचोळ्यात कोष करते. तिवराखाली रोज भरतीचं पाणी. इथे आम्हाला कोष दुमडलेल्या पानांतच सापडले.

रात्री मुक्कामाच्या घरी पडवीतल्या दिव्याखाली पतंगही दिसला. पंख पसरले तर जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. बसलेला असताना वाळक्या पानाचा तुकडाच. नजर सहज त्याच्यावरून निघून जाते. गवताच्या काडीने हळूच डिवचला तर पुढचे पंख सरकतात आणि मागच्या काळ्या पंखांवरचे भगवे-पिवळे ठिपके झळकतात. तेवढ्यासाठी दिव्याखाली तासभर बसावं.

वाटेत डोंगरउतारावरचा सागही बघा. पानाची नुसती जाळी उरली असेल तर ती दुसऱ्याच पतंगाची अळी. हिब्लिया खाते तेव्हा जाड शिरा तेवढ्या उरतात, आणि सागावर तिचा जोर पावसाच्या सुरुवातीला असतो.

तिवर खाल्लेला दिसला की कुणीतरी फवारणीची गोष्ट काढतोच. कृपा करून त्याला दुजोरा देऊ नका. झाड पुन्हा पालवतं, कोतवाल आणि साळुंक्या अळ्यांवर तुटून पडतात, आणि विष मात्र खाली कोळंबी-खेकड्यांच्या पाण्यात उतरतं.

जाताना ओहोटी साधा. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. त्यामुळे पंधराव्या तिथीच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती अकरा-बाराच्या पुढेमागे येते आणि सकाळी सहा-सातला पाणी उतरलेलं असतं. गमबूट हवेतच, चपला चिखलात राहतील. तिवराची वर आलेली श्वासमुळं तुडवू नका, बांधावरूनही पुष्कळ दिसतं. रेल्वेने खेड, पुढे एसटीने दापोली आणि आंजर्लं. परतीच्या गाडीची वेळ मात्र दापोली स्थानकातच विचारून ठेवा.